नगरांतील योगक्षेमाचें मान : नवी मुंबईच्या उदाहरणानें एक विचार

जुन्या जमाखर्चाच्या वह्या आणि नेमणुकांच्या याद्या वाचणाऱ्यास एक प्रश्न वारंवार अडवितो. कारकुनास दरमहा अमुक रुपये, शागिर्दास अमुक, अशी नोंद सांपडते. परंतु तेवढ्यांत त्याचें चालत असे कीं नाहीं, आणि चालत असल्यास सुखानें कीं ओढाताणीनें, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. मग त्या सालचा तांदुळाचा भाव शोधावयाचा, त्यानें पगारास भागावयाचें, आणि इतके मण तांदूळ येत तस्मात् तो मनुष्य सुखी असला पाहिजे, असा निष्कर्ष काढावयाचा, ही आपल्याकडील रूढ रीत आहे. ही रीत अपुरी आहे असें माझें मत आहे. आणि तिचा अपुरेपणा दाखविण्यास दप्तरांतील रुमालांइतकेंच माझ्या घराबाहेरील शहर उपयोगी पडतें. मी नवी मुंबईंत राहतों. नोकरीच्या शोधांत इकडे येऊं पाहणारे जुने विद्यार्थी मला नेहमीं विचारतात, कीं या शहरांत नीट राहावयास महिना किती उत्पन्न लागतें? या प्रश्नाचें उत्तर एका आंकड्यांत देतां येत नाहीं. तें कां येत नाहीं, याचें कारण व जुन्या नोंदी फसव्या वाटतात याचें कारण एकच आहे.

प्रथम ‘नीट राहणें’ म्हणजे काय तें ठरविलें पाहिजे. आपल्या ग्रंथकारांनीं यासाठीं ‘योगक्षेम’ असा जोडशब्द वापरला आहे. जें जवळ नाहीं तें मिळणें हा योग, व जें मिळालें आहे तें सुरक्षित राहणें हा क्षेम, असा त्याचा अर्थ भाष्यकार करितात. भारतीय आयुर्विमा महामंडळानें मुंबईंतील आपल्या मुख्य कचेरीच्या इमारतीस हेंच नांव दिलें आहे, तें योग्यच होय. महिन्याचा पगार योग देतो. दुखणें, म्हातारपण, नोकरीचा खंड यांतून घर तगणें हें क्षेमाचें काम. उत्पन्न पुरेसें आहे कीं नाहीं हें पाहतांना बहुतेक लोक योगापुरता हिशेब करितात व क्षेम ईश्वरावर सोंपवितात.

वेतनाची प्राचीन व व्यवस्थित यादी आपणांस कौटिलीय अर्थशास्त्रांत मिळते. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केल्यापासून त्याच्या पांचव्या अधिकरणांतील भृत्यभरणीय प्रकरणाची चर्चा पुष्कळ झाली आहे. ऋत्विज, आचार्य, मंत्री, पुरोहित, सेनापति, युवराज यांस ४८,००० पण. तेथून उतरत उतरत कारुशिल्प्यांस १२०, व अगदीं खालच्या सेवकांस ६० पण. हें ८०० पटींचें अंतर पाहून वाचक थबकतो, व चर्चा बहुधा तेथेंच संपते. मला यादीपेक्षां तिच्या पाठोपाठ येणारें विधान अधिक मोलाचें वाटतें. ६० पणांच्या वेतनास एक आढक या मानानें, रोकडीच्या प्रमाणांत भक्त म्हणजे धान्य ठरवावें, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे रोकड व धान्य हीं एकमेकांच्या जागीं येऊं शकत होतीं, आणि त्यांचा दर राजानें आधींच बांधून ठेविला होता.

आतां दुसऱ्या अधिकरणांतील सीताध्यक्षाचें प्रकरण पाहावें. तेथें बागांचे राखणदार, गुराखी, दास व मजूर यांस त्यांच्या परिवाराच्या मानानें भक्त, आणि शिवाय महिना सव्वा पण, असें सांगितलें आहे. वर्षाचे हे झाले १५ पण. केवळ पणांचे आंकडे ओढून घेणारा अभ्यासक म्हणेल, कीं शेतावरील मजुरास राजसेवकाच्या चौथाईच मिळे. परंतु या १५ पणांपूर्वीं त्याच्या कुटुंबाचें पोट भरलेलें आहे, आणि ६० वाल्यानें धान्य त्या साठांतूनच मिळवावयाचें आहे. दोन आंकड्यांची तुलना करण्यापूर्वीं प्रत्येकाच्या मागें काय उभें आहे तें पाहिलें पाहिजे, तें असें.

याच अधिकरणांत कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणीं आणखी एक माप आहे. पुरुषाच्या भक्तास अखंड तांदुळाचा एक प्रस्थ, त्याच्या चौथाई वरण, आणि मीठ व तूप-तेल यांचीं ठरीव प्रमाणें. स्त्रियांस त्याच्या पाऊणपट, मुलांस निम्मे. नवरा, बायको व दोन मुलें यांचा हिशेब केल्यास एक, पाऊण, अर्धा व अर्धा मिळून पावणेतीन प्रस्थ होतात. चार प्रस्थांचें एक आढक. वरील आढक रोजचें धरिल्यास घरांत शिजून सव्वा प्रस्थ उरतो, तो मीठ-मिरची, सरपण व वस्त्र यांच्या कामीं यावयाचा. हा पावणेतीनांचा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुढें पुन्हां भेटणार आहे.

मध्ययुगीन महाराष्ट्रांत हीच गोष्ट ‘नक्त’ व ‘ऐन जिन्नस’ या दोन शब्दांनीं दाखविली जाई. मोडी कागद वाचणाऱ्यांस हे शब्द नवे नाहींत. गांवांतील सुतार, लोहार, कुंभार यांस खळ्यावर बलुतें मिळे व गांवठाणांत घरास जागा असे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ ग्रंथांत या व्यवस्थेचें सविस्तर वर्णन केलें आहे. शहरांत वाड्याच्या आश्रयानें राहणाऱ्या कारकुनासही जागेचें भाडें पडत नसे, आणि शिधा व कापड जेथें बांधून दिलेलें असे तेथें रोकड केवळ वरखर्चाची होय. अशा मनुष्याचा दरमहा पांच रुपयांचा आंकडा आजच्या पगाराशेजारीं मांडणें म्हणजे फळाशीं सालीची तुलना करणें आहे.

रोकडीनें जिन्नस पूर्णपणें गिळला तो मुंबईंत, गिरण्यांच्या काळीं. त्याचा उत्तम पुरावा मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनें १९२१-२२ सालीं केलेल्या कौटुंबिक जमाखर्चाच्या चौकशींत आहे. फिंडले शिरास यांनीं लिहिलेला हा अहवाल १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. २,४७३ कुटुंबें व ६०३ एकटे राहणारे पुरुष यांचे जमाखर्च त्यांत गोळा केले आहेत. ज्यांच्या संग्रहांत केवळ बखरी व सनदा आहेत त्यांनींही हें पुस्तक मिळवून ठेवावें, असें मी आग्रहानें सांगेन. कारण सामान्य मनुष्याचा जमाखर्च इतक्या मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे त्यापूर्वीं क्वचितच टिपला गेला असेल. कुटुंबाचें सरासरी उत्पन्न महिना सुमारे ५२ रुपये. पैकीं निम्म्याहून बरेंच अधिक अन्नावर जाई, आणि भाड्यावर शेंकडा आठांहून कमी. भाडें कमी दिसतें याचें कारण उघड आहे; बहुतेक सर्व कुटुंबें एकेका खोलींत राहत होतीं. अन्नाविषयीं त्या अहवालाचा निष्कर्ष असा, कीं मजुरास मिळणारें धान्य दुष्काळी नियमांतील कमाल शिध्याएवढें, पण तुरुंगाच्या नियमांतील शिध्याहून कमी होतें.

तें ६०३ एकट्या पुरुषांचें प्रकरण आपल्या विषयास अधिक जवळचें आहे. हा पुरुष खाणावळींत जेवी, अनेकांबरोबर एका खोलींत पथारी टाकी व घरीं मनीऑर्डर पाठवी. बायकामुलें गांवीं; तेथें स्वतःचें अगर वाट्याचें भात, स्वतःचें छप्पर. म्हणजे मुंबईचा पगार पुरत होता तो कोंकणांतील शेताच्या जिवावर. गिरणीमालकाच्या वहींत त्या शेताची नोंद कोठेंही नाहीं.

पुढें १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें मुंबईंतील जुन्या जागांचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या सुमाराच्या मानावर बांधून टाकिलीं. ज्यास अशी जागा मिळाली होती त्याचा पगार पिढ्यान् पिढ्या पुरत राहिला. ज्यास मिळाली नव्हती त्याच्या हातीं तोच पगार अपुरा ठरला. एका कचेरींत, एका मेजाशीं बसणाऱ्या दोन कारकुनांच्या राहणींत जमीन-अस्मानाचें अंतर पडलें तें असें. नवी मुंबई ही खाडीपलीकडे नव्यानें वसलेली नगरी असल्यामुळें तिला हा जुन्या भाड्यांचा वारसा मिळालाच नाहीं.

या नगरीची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं ‘मार्ग’ नियतकालिकांत मांडली. १७ मार्च १९७० रोजीं सिडको हें महामंडळ स्थापन झालें, आणि तेव्हांच्या ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांची जमीन, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, या कामीं नेमण्यांत आलें. मूळचा विचार असा होता, कीं जमीन सार्वजनिक संस्थेच्या हातीं असावी, शहर वाढल्यावर तिची जी किंमत चढेल ती शहरासच मिळावी, आणि तिच्यांतून गरिबांच्या घरांचा भार उचलला जावा. कोरिया यांनीं १९८० नंतरच्या दशकांत बेलापूर येथें बांधलेलीं बैठीं घरें पाहण्यासारखीं आहेत. लहान भूखंड, सामाईक अंगण, आणि ऐपत वाढेल तसतसें घर वाढविण्याची सोय. आज त्यांतील पुष्कळ घरें पाडून त्यांवर उंच बंगले उठले आहेत, ही निराळी गोष्ट.

आतां मूळ प्रश्न. निर्वाहास किती लागतें हें मोजण्याची एक शिस्तशीर रीत १९५७ सालीं भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रमपरिषदेनें ठरविली. कमावत्या मनुष्याच्या कुटुंबांत तीन भक्षक धरावे: पुरुष १, स्त्री ०·८, आणि दोन मुलें प्रत्येकीं ०·६. कौटिल्याचे पावणेतीन व परिषदेचे तीन! परिषदेच्या सभासदांपुढें अर्थशास्त्र उघडें होतें असें मुळींच नव्हे; दोहोंनीं एकाच पोटाचें माप घेतलें, इतकेंच. अन्नाचें मान कुन्नूर येथील पोषण-प्रयोगशाळेचे एके काळचे संचालक डॉ. ऐक्रॉइड यांच्या शिफारशींवरून घेतलें. कापड चौघांस मिळून वर्षाला ७२ वार. जळण, दिवाबत्ती व किरकोळ यांसाठीं एकूण वेतनाच्या शेंकडा २०. पुढें १९९१ सालीं रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें मुलांचें शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य व म्हातारपण यांसाठीं शेंकडा २५ ची भर घातली. १९५७ चें सूत्र योगाचें होतें. न्यायालयानें त्यांत क्षेम घातला.

हें सूत्र मीं माझ्या वस्तींतील किरकोळ भावांस लावून पाहिलें. सातव्या वेतन आयोगानें वापरलेल्या कोष्टकाप्रमाणें तीन भक्षकांस महिना पावणेत्रेचाळीस किलो धान्य, सात किलोंवर डाळ, सत्तावीस किलो भाजीपाला, अकरा किलोंच्या आंत फळें, अठरा लिटर दूध, साडेतीन किलोंवर तेल, पांच किलो साखर-गूळ, आणि मासे, मांस व अंडीं. धान्य पन्नास रुपये, डाळ एकशेंचाळीस, तेल दीडशें, दूध पासष्ट, असे अदमासाचे भाव धरिले तर अन्नाचे सुमारे साडेदहा हजार रुपये होतात. मी स्वतः शाकाहारी असल्यामुळें मासळीचा भाव शेजाऱ्यांस विचारून घेतला आहे. कापडाचे हजार-अकराशें मिळवून साडेअकरा हजार. आणि वरील २० व २५ टक्के धरून, छप्पर वगळतां, सुमारे एकवीस हजार.

छप्पर वगळतां, हे शब्द येथें महत्त्वाचे आहेत. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या सेवकाचें किमान वेतन १८,००० रुपये ठरलें, त्या हिशेबांत घराचा वाटा अवघा शेंकडा ३ धरिलेला आहे, म्हणजे साडेपांचशें रुपयांच्या आंतबाहेर. आयोगाची ती चूक नव्हे. घरभाडेभत्ता निराळा मिळतो म्हणून घर त्या आंकड्यांतून काढून घेतलें. मोठ्या शहरांत हा भत्ता ५,४०० हून कमी असूं नये, असेंही सरकारनें ठरविलें. परंतु १८,००० हा आंकडा एकटाच उचलून दुसरीकडे लावणारा मनुष्य फसणार, आणि शंभर वर्षांनीं तो एखाद्या दप्तरांत वाचणारा संशोधकही फसणार.

प्रत्यक्षांत नवी मुंबईंत छप्पर काय पडतें? वाशी-नेरुळकडे एका शयनगृहाच्या साध्या घरास पंचवीस-तीस हजार भाडें सांगतात, कामोठें-उलवें-तळोजें या बाजूस बारा ते अठरा हजार. करार बहुधा अकरा महिन्यांचा. प्रत्येक नव्या करारास वाढ, जागा बदलल्यास दलाली आणि सामान हलविण्याचा खर्च. म्हणजे चौघांचें अन्न, वस्त्र, शिक्षण व औषध यांस जेवढें लागतें, जवळजवळ तेवढेंच, कोठें त्याहूनही अधिक, केवळ डोक्यावरील छतास लागतें. १९२१ सालच्या गिरणीकामगाराच्या आठ टक्क्यांशीं हें ताडून पाहावें. त्यास अन्न महाग होतें. यास जागा महाग आहे.

विकत घेणाऱ्याची स्थिति पाहूं. जानेवारी २०२५ मध्यें सिडकोनें आपल्या नव्या सोडतींतील घरांच्या किमती जाहीर केल्या. वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेलीं कुटुंबें तींत आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटांत मोडत होतीं. त्या गटासाठीं तळोज्याचें घर सुमारे २५ लाख, खारघर बस आगाराजवळचें सुमारे ४८ लाख. सहा लाख म्हणजे महिना पन्नास हजार. अडीच लाखांचें अनुदान व दहावा हिस्सा पदरचा वजा करून उरलेलें कर्ज साडेआठ टक्क्यांनीं वीस वर्षांचें काढिलें, तर तळोज्यास महिना साडेसतरा हजारांच्या आसपास हप्ता बसतो, खारघरास पस्तीस हजारांच्या वर. खारघरच्या घरांत राहणाऱ्या या चौकोनी कुटुंबापाशीं हप्ता भरून पंधरा हजारांहून कमी उरतात, आणि आपण आतांच पाहिलें कीं छप्पर वगळून एकवीस हजार लागतात. दुर्बलांसाठीं म्हणून बांधिलेलें घर दुर्बलाच्या हिशेबांत बसत नाहीं, हें सांगावयास राजकारण नको, त्रैराशिक पुरे आहे. २०२४ सालचा शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतु, २०२५ च्या अखेरीस सुरू झालेला विमानतळ, यांनीं जागेची ओढ आणखी वाढविली आहे.

जमीन ज्यांची होती त्यांचा हिशेब याहून बोधप्रद आहे. या ९५ गांवांतील आगरी, कोळी व इतर कुटुंबांचें उत्पन्न रोकडींत मोजलें असतें तर तीं अतिशय दरिद्री ठरलीं असतीं. पण त्यांच्यापाशीं खारजमिनींतील भात होतें, खाडीची मासळी होती, कित्येकांस मिठागरांचें काम होतें, आणि गांवठाणांत वडिलार्जित घर. सर्व ऐन जिन्नस! संपादनाच्या वेळीं मोबदला जमिनीच्या क्षेत्रावर, रोकडींत ठरला. खाडी कोणाच्या सातबाऱ्यावर नव्हती, म्हणून मासळीची किंमत कोणाच्या पावतींत आली नाहीं. नवी वसाहत वसविण्यास निघालेल्या राजानें सेवकांस रोकडच द्यावी, गांव देऊं नये, असें भृत्यभरणीय प्रकरणांत एक वाक्य आहे. येथें तोच न्याय सेवकांऐवजीं मूळच्या रहिवाशांस लागला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासई व न्हावा शेवा परिसरांत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पांच जण मृत्यु पावले. त्या लढ्यांतून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली. तिचें मोल या दृष्टीनें पाहावें: रोकड मोबदल्यानंतर प्रथमच कांहीं जिन्नस, म्हणजे जागा, परत मिळाली. आज घणसोली, कोपरखैरणें, तुर्भें येथील गांवठाणांत याच कुटुंबांनीं चाळी बांधून खोल्या भाड्यानें दिल्या आहेत, आणि घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, बाजारसमितींतील हमाल यांपैकीं पुष्कळांस परवडणारें छप्पर तेथेंच मिळतें. त्या बांधकामांच्या कायदेशीरपणाचा वाद अनेक वर्षें चालू आहे. तीं पाडलीं गेल्यास शहरांतील निम्नस्तराचें निर्वाहमान एका रात्रींत बदलेल, हें मात्र वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनीं हिशेबांत धरिलेलें दिसत नाहीं.

तेव्हां माझ्या विद्यार्थ्यांस मी असें सांगतों. स्वतःचें, कर्जमुक्त छप्पर असेल तर चौघांस महिना पस्तीस-चाळीस हजारांत योग व थोडासा क्षेम दोन्ही साधतील. सोसायटीचें मासिक शुल्क व मालमत्ता कर यांत आले. छप्पर भाड्याचें असेल तर वाशी-नेरुळकडे सत्तर हजारांखालीं क्षेमाची भाषा बोलूं नये. गांवाहून तांदूळ येत असेल, आईबाप जवळ असून मुलें सांभाळीत असतील, तर हे आंकडे उतरतात. आजारी मनुष्य घरांत असेल तर कोणताच आंकडा खरा नाहीं. हा माझा अंदाज आहे, व भाव बदलतील तसा तो बदलेल.

जुन्या नोंदींसही हेच तीन प्रश्न विचारावे: छप्पर कोणाचें, धान्य कोठून, आणि मनुष्य गेल्यावर घरास काय मिळे. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर कौटिल्यापाशीं आहे. कामावर असतां मेलेल्या सेवकाच्या बायकामुलांस त्यानें भक्तवेतन लावून दिलें आहे. पेशवाईच्या कागदांत तें ‘बालपरवेशी’ या नांवाखालीं सांपडतें. भाव व पगार यांचीं कोष्टकें करणाऱ्यांनीं या सदराच्या नोंदी बाजूस टाकूं नयेत.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. पनवेल, उरण व ठाणें या भागांतील घरगुती खर्चाच्या वह्या, खोतांचे व मिठागरांचे हिशेब, संपादनाच्या वेळच्या नोटिसा व पावत्या अजून कित्येक घरांत फडताळांवर पडून आहेत, आणि घरें पाडून इमारती उठतांना त्या रद्दींत जात आहेत. ज्यांच्या हातीं अशा वह्या येतील त्यांनीं केवळ रकमांची नक्कल करून घेऊं नये. धान्य, मासळी, मीठ, शिधा यांच्या नोंदी ज्या पानांवर आहेत तीं पानें, रकमेचा रकाना कोरा असला तरीही, जशींच्या तशीं उतरून घ्यावीं.